काकांना बोलू द्या

माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं बोलणं मी तीस वर्षं बोलत आले, आणि त्यापायी त्यांचा उजवा डोळा गेला. कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं मशीन. नशीब कसलं डोंबलाचं! माझं तोंड.

काष्टीत मी शाळेवर होते, हे साखर कारखान्यात फिटर. मला वर्गाची सवय. उत्तर यायला उशीर झाला की मीच सांगून मोकळी होते. आणि यांचं काय, दाढ दुखते एवढं सांगायचं तरी आठवडे बाजारापासून चऱ्हाट लावणार. त्यामुळे दवाखान्यात हे स्टुलावर बसायचे आणि डॉक्टरांशी मी बोलायचे. दोघांनाही ते बरं वाटायचं.

मग त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मानेचा एमआरआय सांगितला म्हणून नगरला गेलो. मशीनच्या खोलीवर पिवळी पाटी होती : आतलं चुंबक कायम चालू असतं. खोलीत कुणी नसलं तरीही? मी ती दोनदा वाचली. यांना काही बोलले नाही, उगाच घाबरले असते.

तिथली बाई कागद घेऊन आली. "काका, शरीरात कुठं रॉड, स्क्रू, छर्रा?"

"नाही," मी म्हणाले.

"हृदयाला मशीन बसवलंय?"

"नाही हो."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण उडाला होता? वेल्डिंग, ग्राइंडिंग करताना?"

"नाही."

यांचं बोट डोळ्याकडे गेलं. "थोरली पाळन्यात हुती तवा एकदा..."

"अहो, ते तेव्हाच निघालं! गप्प बसा ना जरा."

"काकांना बोलू द्या, काकू."

"काही नाही हो, यांचं असंच असतं."

मागे स्ट्रेचरवर एक म्हातारा कण्हत होता, त्याची माणसं घाई करत होती. बाईनं यांच्याकडे पाहिलं. "नक्की ना, काका?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही म्हनती तसं."

सही कुठं करायची ते मी बोटानं दाखवलं. वर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही, मी वाचू दिलं नाही. हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायला. आत जाता जाता मी बजावलं, "उगाच दाबू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून करतील."

दार लागलं. भिंतीपलीकडून ठोके सुरू झाले, आणि बाकावर बसल्या बसल्या मला सगळं आठवलं. थोरली दोन महिन्यांची होती. कारखाना बंद होता, दुरुस्तीचं काम चाललं होतं, आणि हे लालभडक डोळा घेऊन घरी आले होते. शेजारची म्हणाली, अंगावरचं दूध घाल. मीच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यात माझं दूध पिळलं होतं. चार दिवसांत लाली गेली. पण कण? कण निघालेला कुणी पाहिला होता? मी तर नव्हता पाहिला.

मी उठले नाही. देवाशप्पथ, उठावंसं वाटलं होतं. पण काय सांगायचं, मघाशी खोटं बोलले म्हणून? चारचौघांत? लाज वाटली मला. मी पदर तोंडावर धरून ते ठोके ऐकत बसले.

हे बाहेर आले ते डोळ्यावर तळवा धरूनच.

"आत सरकवताना डोळ्यात कायतरी हाललं. आता समदं तांबडं दिसतंय."

"मग फुगा का नाही दाबलात?" मी ओरडलेच.

"तूच म्हनलीस ना, दाबू नका."

संध्याकाळच्या आत डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी डोळ्याचा स्कॅन दाखवला. काळ्यावर एक पांढरा ठिपका, तिळाएवढा. इतकी वर्षं तो तिथंच गप्प बसून होता. आत रक्त उतरलं होतं. ऑपरेशन लगेच करायचं, पण नजरेची खात्री देता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग एक नवा कागद काढला आणि खुर्ची यांच्यासमोर ओढून घेतली.

"आजोबा, यात काय लिहिलंय ते मी तुम्हाला वाचून दाखवतो. आधी सांगा, कुठल्या औषधाचा कधी त्रास झालाय?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. बोला, मनात म्हणत होते, बाजारापासून सुरू करा, पण तुम्ही बोला.

डोळ्यावर पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी हळूहळू माझ्या दिशेनं वळवला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता.

"हिला इचारा," ते म्हणाले. "माझं समदं हिलाच ठावं हाय."