टाकेबाईंची सैल गाठ

मी नवीन सिस्टर म्हणून रुजू झाले तेव्हा डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडाकडे न बघता एप्रनच्या बटणाकडे बघितलं. म्हणाल्या, "दोरा किती ओढलायस. कापड बघ कसं चुरगळलंय." जुन्या पनवेलच्या बाजारामागे त्यांचा डोळ्यांचा दवाखाना. पाठीमागे आम्ही सगळे त्यांना टाकेबाईच म्हणायचो.

हल्ली मोतीबिंदूला बहुतेक टाका लागत नाही. पण मोती पिकून दगड झाला की छेद मोठा घ्यावा लागतो, आणि मग टाका येतो. तिथे बाई रंगात यायच्या. "रेशीम लाडावलेलं. लवकर सैल पडतं, वर डोळ्यात खुपतं. नायलॉन गुणी, पण जास्त ओढलंत तर बुबुळ ताणलं जातं आणि माणसाला दिवा लांबट दिसतो."

उरणच्या एका कोळीबाबांनी त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरूनच विचारलं होतं, "बाय, यो आमच्या जाल्याचाच दोरा हाय ना?"

"त्याच्याच जातीचा, केसाहून बारीक. गाठ मात्र मी सैल मारते."

"सैल गाठीत मासा रावत नाय."

"नजर राहते, बाबा."

अशा या बाईंनी स्वतःचा मोतीबिंदू मात्र लपवला. 'दिवे मंद लावता' म्हणून आमच्यावर डाफरायच्या आणि 'त्याला शिकू दे' म्हणत ऑपरेशनं हाताखालच्या धाकट्या डॉक्टरकडे ढकलायच्या. शेवटी स्वतःच्याच टेबलावर त्याच्यासमोर झोपल्या, तोवर मोती दगड झालेला. डोळा बधिर, तोंड चालू. "नायलॉनच ना रे? ओढू नकोस." तो बिचारा इतका घाबरला की त्याने गाठ करकचून आवळली.

पट्टी निघताच बाई म्हणाल्या, "ट्यूबलाइट ताणलेली दिसतेय. गाठ घट्ट, डॉक्टर भित्रा." पण आतून त्यांना एकच धास्ती होती, पुन्हा ऑपरेशन करता येईल की नाही. काही आठवड्यांनी त्याने टाका काढला आणि नजर लख्ख झाली. आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी बकऱ्याचा डोळा मांडून बाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. सुई धरली आणि थांबल्या. सुईचं टोक थरथरत होतं. ते कधीपासून, कोण जाणे. त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं.

"पोराने टाका छान काढलाय," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळं स्वच्छ दिसतंय." आणि सुई माझ्या ट्रेमध्ये ठेवली.

मला रडू आवरेना.

"रडतेस काय? त्याला बोलाव आणि या खुर्चीवर बसव. गाठ अजूनही घट्टच मारतो तो."