घाड्यांच्या घरची बंदूक

दत्तप्रसाद घाडी काही विकत घ्यायला निघाला की त्याच्याबरोबर जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या खोलीसाठी एक साधा कुकर घ्यायचा होता, तर या गृहस्थाने सुट्टीचे कितीतरी शुक्रवार मला दुकानादुकानांतून फिरवलं. झाकण लावून बघायचं, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, शिट्टी फुंकून बघायची, आणि दुकानदाराचा चेहरा पडला की त्याला नमस्कार करून बाहेर यायचं. "गुरुभाऊ, वस्तू स्वस्तातली होयी, पण दगो देणारी नको," हे त्याचं तत्त्व. तो कुकर अजून चालतोय, हे मान्य करावंच लागेल.

तिथल्याच राई भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं कामाला. मी घरोघर जाऊन मापं घेतो, तो फाटकं आणि खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या बनवतो आणि बसवतो. मी ठाण्याचा, तो कणकवलीच्या पुढचा, घाटाच्या पायथ्याचा. त्याने बसवलेली जाळी कटर घेऊन आलेल्या माणसालाही सहजी निघायची नाही. गावच्या त्याच्या घराच्या खिडक्यांना मात्र अजून लाकडी गज होते. ते काम "येत्या रजेत" करायचं होतं आणि दरवर्षी रजा दुसऱ्याच कुठल्या कामात जायची.

त्या घरात दोघीच राहायच्या. बायको दर्शना आणि आई गंगूबाई. म्हातारी कंबर मोडल्यापासून खाटेवर. वाडीतली बाकीची घरं कुलपात. मंडळी मुंबईला, गणपतीपुरती उगवणारी. फॅमिली व्हिसा काढण्याएवढा दत्ताचा पगार नव्हता आणि काढला असता तरी खाटेवरच्या आईला ठेवणार कुणाकडे? मागच्या वर्षी वाडीतली कुलपं फुटायला लागली. आधी रिकाम्या घरांतली भांडी गेली, मग पंप गेले. एका संध्याकाळी दर्शनाने फोन केला, की मागच्या दाराची कडी कुणीतरी बाहेरून हलवून बघितली.

दत्ताचं जेवण तुटलं. पुढचे काही दिवस तो जाळीच्या वेल्डिंगमध्ये चुका करायला लागला, जे मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मग एका शुक्रवारी सकाळी चहा पितापिता त्याने जाहीर केलं, "बंदूक घेतंय."

झालं! कुकर पुष्कळ बरा होता म्हणायची वेळ आली.

त्याच्या वडिलांचा शेतसंरक्षणाचा परवाना होता. रानडुकरांसाठी. म्हातारे वारल्यावर त्यांची जुनी ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती. वारस म्हणून परवाना नावावर करून घ्यायचा आणि बंदूक बदलून चांगली घ्यायची, असा बेत. आता चांगली म्हणजे कोणती, यावर आमच्या खोलीत दर शुक्रवारी बैठक बसायला लागली. राजापूरकडचा मुनव्वर शिकारीचं आणि तंबूचं सामान विकणाऱ्या दुकानात सेल्समन, त्यामुळे तो तज्ज्ञ. मी नुसता कटकट करणारा.

"ठासणीची सगळ्यात स्वस्त," दत्ता म्हणायचा.

"दारू ओत, चिंध्या कोंब, छर्रे घाल, गजाने ठास, वर टोपी बसव," मी बोटांवर मोजून दाखवायचो. "तोवर चोर चहा पिऊन, कप विसळून जाईल."

"एअरगन घे ना," मुनव्वर म्हणायचा. "परवान्याची भानगडच नाय."

"तेनी वांदर पण पळणत नाय, मनीस खंयचो?"

असं करत करत दत्ता एकनळी काडतुसाच्या बंदुकीवर आला. नवी परवडत नव्हती. तालुक्याच्या गावी कुणी मास्तर आपली विकणार होते, तिचे फोटो त्याने मागवले. नळीचा फोटो, दस्त्याचा फोटो, घोड्याचा फोटो. ते मोठे करकरून बघताना त्याचे डोळे लाल व्हायचे. मग त्याला काळजी पडली, की ती दर्शनाला पेलेल का. तेव्हा या माणसाने वर्कशॉपमधल्या भंगारातून पाइप आणि पट्ट्या घेऊन बरोब्बर तेवढ्या वजनाचा, तेवढ्या लांबीचा नमुना वेल्ड करून आणला आणि आम्हा सगळ्यांना तो खांद्याला लावायला लावला. मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, विचारलं हे काय, तर म्हणाला पडद्याचा दांडा.

मी त्याला म्हटलं, "अरे, वहिनींना विचारलंस का? त्यांना बंदूक हवी आहे का?"

"त्यात तिका काय इचारूचा?" तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. बायकोसाठी इतका जीव टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तिला एका शब्दाने न विचारणाराही.

मुनव्वर मात्र एक शहाणपणाचं बोलला. "दत्ता, परवाना भाभीच्या नावावर काढ. घरात ती असते, तू नसतोस. आमच्याकडं एका बाईच्या नावावर आहे."

दत्ताने मान हलवली. शिमग्यात देवाची पालखी घाड्यांच्या अंगणात येते तेव्हा त्या घरच्या पुरुषाने बंदुकीचा बार काढायचा, हा त्यांचा मान. आजाने काढला, बापाने काढला. बंदूक दर्शनाच्या नावावर गेली तर मान चुलत्यांकडे जाणार. त्याने फोन स्पीकरवर टाकून आईला विचारलं, तेव्हा खाटेवरून गंगूबाई कडाडल्या, "घाड्यांच्या घरचो बार बायलमाणसान काढूचो? माका आदी गाडा, मग काय ता करा!" विषय संपला. शेजारीच उभ्या असलेल्या दर्शनाचा आवाजसुद्धा आला नाही.

रजा टाकून दत्ता गावी गेला. पुढच्या वर्षीची रजाही त्याने आधीच उचलली. तहसील, जिल्हा, पोलीस चौकशी, वारसांची संमती, बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण. खिडक्यांचे गज पुन्हा तसेच राहिले. बंदूक हातात आली तेव्हा परतीचं विमान चार दिवसांवर होतं. ओहोळाकडे जाऊन त्याने आकाशात एक बार काढला, आणि खांद्याला बंदूक लावलेला फोटो व्हॉट्सअॅपवर लावला. फोटोत तो बापासारखा दिसत होता म्हणे. आम्हाला इथे पेढे मिळाले.

पोलीस ठाण्यातला हवालदार नोंद करायला आला आणि त्याने सहज विचारलं, "परत कुवेतला कधी?"

दत्ताने तारीख सांगितली.

"मग त्याआधी जमा करून जावा."

"अवो, ती घरासाठी घेतलंय. घरात बायको आसा."

"परवाना तुमचाय. तुम्ही नसताना बायकोने नुसती हातात घेतली तरी गुन्हा. तिचं नाव परवान्यात घालायचं तर अर्ज परत पहिल्यापासून."

दत्ताला वाटत होतं, बंदूक घराची असते. पाटा-वरवंटा घराचा असतो, तशी. त्या हवालदाराशी त्याने हुज्जत घातली, हात जोडले, आणि जायच्या आदल्या दिवशी ज्या ठाण्यातून बापाची बंदूक सोडवली होती त्याच ठाण्यात आपली ठेवून आला. येताना गावात मात्र सांगितलं, की बंदूक कपाटात भरून ठेवली आहे आणि दर्शना चालवायला शिकली आहे. एवढी हूल चोरांना पुरे, असं त्याने मनाशी ठरवलं. इथे आम्हालाही तेच सांगितलं. खरं काय ते मला पुष्कळ दिवसांनी, जाळी उचलताना, खाली बघत सांगितलं. मी चिडून त्याला वाटेल ते बोललो. "आता काय करू?" असं त्याने विचारलं तेव्हा मी जाळीचं दुसरं टोक उचललं.

डिसेंबरात आम्ही रुमैथियातल्या एका बंगल्यावर मागच्या दाराची जाळी बसवत होतो. इथे अजून ऊन होतं. कोकणात दिवेलागण होऊन गेलेली. दत्ताचे दोन्ही हात जाळीत अडकलेले, म्हणून फोन वाजला तो मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अवो," दर्शना कुजबुजत होती. "लाइट गेली हा. मागच्या दाराक कोणतरी आसा. दोघे आसत. हळू हळू बोलतत."

दत्ताने जाळी सोडली. ती माझ्या पायाजवळ आदळली. फोन हिसकावून घेऊन तो ओरडला, "मी आसंय हंय! भियां नको! मी आसंय!" मग त्याला ती हूल आठवली असावी. वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात तो गरजला, "दर्शना, बंदूक काढ! काडतूस भर! दार हलला काय घाल गोळी!"

दाराबाहेरचं कुजबुजणं थांबलं असावं. आणि मग दर्शना रडवेल्या, मोठ्या आवाजात बोलली, "खंयची बंदूक? ती ठाण्यात नाय?"

मी तिला दोष देत नाही. देणाऱ्याला मी थोबडवीन. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई, अंधारात, भेदरलेली, नवऱ्याने बंदूक काढ म्हटल्यावर तिने खरं ते सांगितलं.

पहिला घाव दारावर बसला तो आम्ही ऐकला.

त्यानंतरचं मला लिहायला नको वाटतं. लाकूड फुटल्याचं ऐकू आलं. "गप रव" असं कुणीतरी म्हणालं. गंगूबाई खाटेवरून शिव्या देत होत्या, मग देवाचं नाव घेत होत्या. दर्शना "घेवा, घेवा, तिका हात लावू नकात" म्हणत होती. एकदा ती मोठ्याने किंचाळली. आणि या सगळ्या वेळात दत्ता रुमैथियातल्या त्या पांढऱ्याशुभ्र अंगणात गुडघ्यांवर बसून, फोन दोन्ही हातांत धरून, एकच बोलत होता. "मी आसंय. मी आसंय हंय. मी आसंय." मी माझ्या फोनवरून त्याच्या चुलत्याला लावत होतो. चुलता मुंबईत. त्याने सरपंचाला लावला. सरपंच लग्नाला गेलेला. घरातून एक कुवेती बाई बाहेर आली, दत्ताकडे बघून घाबरली आणि पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवून नुसतीच उभी राहिली. मग चोरांनी फोनही घेतला असावा, कारण तो बंद झाला. दत्ता बंद फोनमध्येच बोलत राहिला. मी तो त्याच्या हातातून काढायला गेलो तर त्याने मला ढकललं.

बातमी लागेपर्यंत इथेही अंधार पडला होता. दोघी जिवंत होत्या. मंगळसूत्र, कानातलं, कपाटातलं होतं नव्हतं ते गेलं. मंगळसूत्र ओढताना दर्शनाने हात मध्ये घातला, तर तो पिरगाळला आणि मनगट मोडलं. म्हातारीला काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दत्ताबरोबर मुदीरकडे गेलो. मुदीर काही दुष्ट माणूस नाही. त्याने ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला, आणि म्हणाला की तुझी या वर्षीची रजा झाली, पुढच्या वर्षीचीही तूच घेतलीस. आता जायचं तर राजीनामा दे आणि कायमचा जा. कायमचं गेल्यावर आईचं औषध आणि दर्शनाचा हात कशावर चालायचा, हे आम्ही दोघंही जाणत होतो. दत्ताने मुदीरचे आभार मानले. आभार! मला तिथेच ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार?

शुक्रवारी दर्शनाचा फोन आला. कुणाच्या तरी फोनवरून, व्हिडिओ कॉल. खोलीत मी होतो, मुनव्वर होता. आम्ही उठून बाहेर जायला लागलो तर दत्तानेच हाताने बसा म्हणून खूण केली. एकट्याने बघायचं त्याला धैर्य नव्हतं. हात प्लास्टरमध्ये, गळा मोकळा, गळ्यावर ओरखड्याची लाल रेघ. ती आईबद्दल बोलली, जेवल्या म्हणाली. दाराला सुताराने फळ्या मारल्यात म्हणाली. पोलीस येऊन गेले, चांगलं बोलले म्हणाली. दत्ता नुसता हूं हूं करत होता. "माझी चूक झाली" असं काहीतरी पुटपुटायला लागला, तेव्हा तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग ती म्हणाली, "त्या मनशान हात धरल्यान, तेवा तुमचो आवाज येय होतो. मी आसंय, मी आसंय, म्हणा होतात. माका वाटला, खराच इलात. मी मागे वळान बघलंय."

दत्ताने फोन दोन्ही हातांत धरला.

"अवो," तिने विचारलं. रागाने नाही, टोमणा मारून नाही. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. "तुमी खंय आसात?"