कोंडवाड्याआधीच्या तीन संध्याकाळी

कोंडवाड्याच्या नियमांत एक कलम माझ्या हातचं होतं. नगरपरिषदेच्या नोकरीत मी आयुष्यभर कागद लिहिले, पण ते सगळे दुसऱ्यांनी सांगितलेले. हे एकच कलम आमच्या स्वयंपाकघरात तयार झालं, आणि तेही मी नाही, माझ्या बायकोनं केलं.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. आमचं गाव चंद्रपूरकडेच राहिलं होतं. धान निसवायला आलं आणि कोंडवाडा भरून गेला. धानाच्या बांधीत शिरलेली, बाजारात भाजीच्या ढिगात तोंड घालणारी, नुसती रस्त्यात बसलेली, जी सापडतील ती गुरं आमची माणसं आत ढकलत. गुरं गावातल्याच लोकांची. पण दंड दिवसागणिक चढायचा, म्हणून मालक आज नको, उद्या जाऊ करत राहायचे, आणि मग समोर जनावर दिसलं तरी ओळख दाखवायचे नाहीत. आत बसायला जागा नव्हती. गुरं चिखलात उभ्यानंच रवंथ करायची. शेवटी लिलाव व्हायचा आणि परगावचे व्यापारी ती हाकून न्यायचे.

मुख्याधिकारी नवे होते, साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "भिंत मागे सरकवून कोंडवाडा मोठा करू. तसा प्रस्ताव लिहा."

मी प्रस्ताव घरी आणला. बायको सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला वाचून दाखवला. माझं लिहिलेलं ऐकायची तिला सवय होती. बहुतेक वेळा ती काही बोलत नसे.

"मोठा करान त मोठा भरन," ती म्हणाली.

"मग काय करायचं?"

"आत टाकता काऊन? संध्याकाळी सोडून पाहा ना. मांगं मांगं जा. जिथी थांबन थेच तिचं घर. गाय का खोटं बोलते?"

"आणि मालक म्हणाला, माझी नाही?"

"एक दिवस म्हनन. तीन दिवस दारात हंबरली त शेजारीच बोलतीन त्याले."

मी तेच सरकारी भाषेत लिहिलं. पकडलेले जनावर दाखल करण्यापूर्वी दिवसा आवाराबाहेर बांधून सलग तीन सायंकाळी मोकळे सोडावे व मागे शिपायाने जावे. तिन्ही वेळा ते ज्या दारी थांबेल ते दार मालकाचे समजून, समज देऊन, जनावर विनादंड स्वाधीन करावे. ते वाचून ती हसली. "लय अवघड केलं अजी तुमी. गाईले तरी समजन का?"

गाईंना समजलं. सभेत कलम मंजूर झालं, आणि धान कापणीला येईपर्यंत कोंडवाडा अर्धा मोकळा झाला. शिपायानं मोकळ्या कोपऱ्यात वाल लावले. वालाच्या शेंगा त्यानं एकदा आमच्या घरी आणून दिल्या. त्या तिनं रांधल्या. त्या हिवाळ्यात ती गेली.

ताप आला, उतरला, पुन्हा आला. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं परत गेली आणि घरात मी आणि घरामागच्या वाडीत तिची लाल गाय उरलो. माहेरून कालवड असताना आणलेली. मला ती धार काढू देत नसे. तेही चाललं असतं. पण संध्याकाळी ती मागच्या फाटकाशी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत उभी राहायची. बायको भाताची पेज गाळून तिच्यासाठी घमेल्यात काढायची. मी आता मोजून पाणी घालून भात करत होतो. पेज निघतच नव्हती. खिडकीच्या आत मी आणि बाहेर ती, दोघांनाही एकाच माणसाची वाट. मला ते सोसेना. उन्हाळ्यात मेव्हणा आला तेव्हा मी म्हटलं, घेऊन जा.

"भाऊजी, मंग आठवन येईन तुमाले," तो म्हणाला.

"ने," मी म्हटलं. त्याचं गाव दोन-तीन कोसांवर होतं.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. दिवे लागायच्या वेळी मागच्या फाटकाशी आवाज झाला. लाल गाय उभी होती आणि तिच्यामागे कोंडवाड्याचा शिपाई.

"बाजारात सापडली बाबू. मले ओळखीची वाटली, पर नियम त नियम. सोडली, अन् सरळ इथी आली. मधात कुठीच नाई थांबली."

"माझी नाही ती. मी देऊन टाकली."

"थे मले मालूम हाय. पर कलमात देल्या-घेतल्याचं काई नाई. दार लिवलं हाय."

"माझ्या मेव्हण्याला निरोप पाठव."

"धाडतो. तवर उद्या पुन्हा आनतो. तीन वेळा आनाचं हाय." तो थट्टा करत होता की काय, चेहऱ्यावरून कळेना.

मेव्हणा दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतच आला. तो थकलेला दिसला. गाय चार वेळा दावं तोडून निघाली होती, चारा खात नव्हती, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. "मी काई नेत नाई आता," तो म्हणाला. "तुमाले ठेवाची नसन त लिलावात जाऊ द्या. मी तिले बांधून बांधून मारन नाई त काय."

त्या संध्याकाळी मी कचेरीतच बसून राहिलो. कुणी न मागितलेल्या नोटिसा नीट लावत होतो. अंधार पडल्यावर घरी आलो तर शेजारची बाई तिच्या दारात होती. "उभी होती बाप्पा लय वेळ," ती म्हणाली. "मी कोंडा टाकला, पर तोंड नाई लावलं. खिडकीकडंच पाहे. मंग शिपायानं नेली तिले."

मी कुलूप काढलं आणि आत गेलो. माझं जनावर नाही म्हणणाऱ्या माणसांची मला कचेरीत चीड यायची. दंड चुकवतात, असं मी धरून चाललो होतो. त्यांतल्या कुणाच्या घरात काय झालं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. कलमात तशी जागाही नव्हती. आणि उद्या मी दार लावून घेतलं तर ती कोंडवाड्यात, तिथून लिलावात. बायकोच्या हातचं एवढंच चालतंबोलतं उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी लवकर घरी आलो. भात शिजवायचं मोठं गंज चुलीवर ठेवलं आणि भरपूर पाणी घातलं. वीस वर्षं बायको माझ्यासमोर पेज गाळत होती, पण किती पाणी, कधी गाळायचं, हे मी पाहिलंच नव्हतं. मी पुस्तक वाचत असायचो. भात फार शिजला. गाळताना हात भाजला. घमेलं घेऊन मागच्या दारी आलो तेव्हा गाय फाटकाशी पोचली होती. मी फाटक उघडलं.

तिनं घमेल्यात तोंड घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम हाय बाबू," शिपाई म्हणाला. "बाई थंडी करून ठेवत."

"मला माहीत नव्हतं."

त्यानं काखेतलं रजिस्टर काढलं, गुडघ्यावर उघडलं. "मालकाच्या खान्यात काय लिवू?"

"माझं नाव लिही."

त्यानं सावकाश लिहिलं आणि कुडाला टेकून बसला. मी पायरीवर बसलो. गाय आमच्या दोघांच्या मध्ये उभी. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, मग घमेल्याकडे. पेजेवर साय धरेपर्यंत आम्ही थांबलो.