झिऱ्यावरचा लाल दगड

संजना पेठकडच्या एका पाड्यावरची. कोकणा समाजातली, शिकून नाशकात नोकरीला लागलेली, म्हणून पर्यावरणाचं काम करणाऱ्या तिच्या संस्थेला तिचं भारी कौतुक. बैठक कुठलीही असो, तिला पहिल्या रांगेत बसवायचे आणि फोटोत मधोमध उभं करायचे. बोलायला मात्र वेळ उरत नसे. सर्वांना सामावून घेणारा संवाद या विषयावर संस्थेचे प्रमुख हर्षल सर इतका वेळ बोलत, की त्यात दुसरं कुणी मावायचंच नाही.

यंदा तिच्याच पाड्यावरच्या झिऱ्याचं पाणी तपासणीत दूषित निघालं. ‘पिऊ नका’ एवढंच सांगायचं होतं. पण इतकं सरळ सांगितलं तर शास्त्राची शोभा काय राहिली? त्यासाठी कार्यशाळा भरली. लोकांना वाचता येत नाही, सबब खूण हवी, ती ठळक हवी. झिऱ्याजवळचा दगड लाल रंगवायचं ठरलं.

“संजना, तुमच्या लोकांना समजेल ना?” सरांनी विचारलं.

लाल दगडाचं तिकडे काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जेवणं खोळंबली होती, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सरांपुढे नाही म्हणायची तिची छाती नव्हती. तिनं मान डोलावली.

महिन्याभरानं सगळे पाहायला गेले. दगडापुढे नारळ फुटले होते, अगरबत्त्या जळत होत्या आणि लांबच्या विहिरीवर जाणाऱ्या बायाही झिऱ्यावर हंडे भरत होत्या. लोकांनी उपक्रम आपलासा केला म्हणून सर खूश झाले आणि फोटो काढत सुटले.

संजनाची आई, भागीबाई, हंडा घेऊन समोर आली. “सायबांनी शेंदूर लावून देव जागवला, बाय. आता ह्ये तीर्थ हाय. तुझ्या भावाचं पोर जुलाबानं पडून हाय, त्यालाबी ह्येच पाजते.”

संजनानं तिचा हंडा अडवला. “आये, पाणी खराब हाय. पिऊ नये म्हणूनच दगड रंगवलाय.”

भागीबाईनं हंडा खाली ठेवला. “लाल दगड म्हंजी आपल्याकडं काय, ह्ये तुला ठावं व्हतं. मंग बोलली का नाय?”

 भागीबाई हंडा तिथंच टाकून घराकडे धावली.

तेवढ्यात सर कॅमेरा घेऊन आले. “आईंची प्रतिक्रिया मिळाली? अहवालात घालू.”

“मी तेव्हा का बोलले नाही, असं विचारत होती. ते जरूर घाला,” संजना म्हणाली. “पण आधी गाडी काढा. पोराला पेठच्या दवाखान्यात न्यायचंय.”