सगळ्या गल्लीचा कुत्रा

आमच्या गल्लीतला कुत्रा कोणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. सकाळी जिच्या तव्यावर आधी भाकरी फुगेल ती त्याला टाकायची. झोपायला त्याला कोणाचाही ओटा चाले. ज्याच्या घरी कापूस जास्त, त्याच्या दारात तो बरोबर बसतो, असं लोक कौतुकानं सांगत. आपला कुत्रा, म्हणत.

एका वर्षी तो उटनूरकडून कापूस वेचायला आलेल्या बाईच्या पोटरीला चावला. बायकांनी जखमेत तिखट भरलं आणि तिला समजावलं की ती पळाली म्हणून चावला. कुत्रा कोणाचा, हे तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लंगडत वावरात गेली.

मग जिल्ह्याचे तुकडे झाले आणि भीमपूर नवं मंडळ, म्हणजे तालुक्यासारखं ठिकाण, झालं. कचेरी जवळ आली, तिच्यासोबत तिची भीतीही जवळ आली. जमिनीच्या नोंदी नव्यानं होणार होत्या. बाबांचे थोरले भाऊ वारले होते. त्यांचं वावर बाबाच कसत होते, आणि ते आता बाबांच्या नावावर चढायचं होतं. त्या भावाची बायको, माझी मोठाई, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. त्या वावराबद्दल तिला कोणी काही विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमच्याकडे पोळ्याला बैलांना ओवाळायचं काम सवाष्णींचं. मोठाई त्या दिवशी मागच्या अंगणात असायची. त्या वर्षी बैलांना बांधून एक लाल गोंडा उरला, तो तिनं कुत्र्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला पुरणपोळी खाऊ घातली. शेजारची म्हातारी आजी भिंतीवरून पाहत होती. ती म्हणाली, "बाई, तुहा बैल भुंकते वो." तिच्या अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. मोठाईही हसली. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी होते. माझी शाळा आदिलाबादला, इंग्रजी माध्यमाची. तेलुगू मी तिथंच शिकले, त्यामुळे कचेरीतलं कोणी आलं की मला बोलवत. मला ते आवडत नसे. माणसांसमोर उभं राहिलं की माझा आवाज बारीक होतो.

त्या दिवशी जमिनीच्या कामासाठी नव्या कचेरीतून एक कर्मचारी आला. करीमनगरकडचा, तरुण, मराठीचा एक शब्द न येणारा. गल्लीच्या तोंडाशीच कुत्रा त्याच्या मांडीला चावला. पँट फाटली, रक्त आलं. या वेळी कोणी तिखट आणलं नाही. खुर्ची आली, पाणी आलं, चहा आला.

त्यानं मला विचारलं, कुत्रा कोणाचा. मी बाबांना विचारलं. बाबा शेजाऱ्यांकडे पाहू लागले. एक म्हणाला, गावचा आहे. दुसरा म्हणाला, भटका आहे, नदीपलीकडून आलेला, महाराष्ट्रातला. हे मी त्याला तेलुगूत सांगितलं नाही. मला लाज वाटली. मी एवढंच सांगितलं की सगळे त्याला खायला घालतात, सगळ्यांचा आहे.

तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, डॉक्टर विचारेल, कुत्रा बांधून, तो पिसाळतो का यावर लक्ष ठेवणारं कोणी आहे का. सगळ्यांचा म्हणजे बांधणार कोण?

मी ते मराठीत सांगितलं. कोणी हललं नाही. जो बांधील त्याचा कुत्रा ठरणार, हे सगळ्यांना कळत होतं. मग शेजारच्या आजीनंच वाट काढली. "गोंडा कोनं बांधला त्याच्या गळ्यात, ते पाहा ना."

बाबांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. ते मला म्हणाले, साहेबाला सांग, आमच्या वहिनीचा आहे. मी चहाचा कप उचलायला वाकले. तेव्हा त्यांनी स्वतःच मोडक्या हिंदीत सांगितलं.

मोठाई दाराआड उभी होती. ती बाहेर आली, पदर नीट केला. "माहाच हाय," ती म्हणाली. "बांधतो मी त्याले. साहेबासंगं दवाखान्यातबी मीच जातो."

ती खरंच गेली. आदिलाबादच्या दवाखान्यात त्याच्या प्रत्येक इंजेक्शनला ती बसनं जायची, बाहेरच्या बाकावर बसून यायची. कुत्रा तिच्या खोलीच्या दाराशी साखळीला. गल्लीतून भाकरी यायच्या बंद झाल्या. आई म्हणे, आता ज्याचा त्यानं पाहावं. मोठाई आपल्या ताटातली अर्धी त्याला द्यायची. कुत्र्याला काही झालं नाही, त्या माणसालाही नाही. त्यानं कुठं तक्रार केली नाही, आणि वावर बाबांच्या नावावर चढलं.

दिवाळीनंतर कापूस घरी यायला लागला. पुढची खोली भरली, पडवी भरली. एका रविवारी संध्याकाळी बाबा साखळीपाशी वाकले. मोठाई मध्ये आली. म्हणाली, सोडू नका, उद्या कोणाले चावला तर माहंच नाव निघन. बाबा म्हणाले, मग कापूस कोण राखणार? ती म्हणाली, "मले काय त्याचं? कुत्रा माहा हाय ना? मी नाई सोडू देत."

बाबा रागावले नाहीत. कचेरीत बोलायचे त्याच मऊ आवाजात म्हणाले, "कुत्रं तुमचंच हाय वयनी. घर कोनाचं हाय?"

मोठाई बाजूला झाली. बाबांनी साखळी सोडली आणि कुत्र्याला पुढच्या दारी नेऊन बसवलं. मी पुस्तक उघडं धरून बसले होते. आईनं आतून विचारलं, भाकरी कोण टाकतं. मोठाईनं हात धुतले आणि ती आमच्या सगळ्यांच्या भाकरी थापायला बसली.