सराईतली बाई आणि कल्हईवाल्याचं ताट

“कोणी हात लावू नका त्याला! पोलीस येऊ द्या,” नाना ओरडले.

कल्हईवाला माझ्या खाणावळीतल्या खाटेवर डोळे पांढरे करून पडला होता. ओकला होता आणि मग बोलायचाच थांबला होता. सगळे त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

साक्रीला रस्त्याच्या कडेला माझी खाणावळ होती. नवरा गेल्यावर मीच चालवली. मागे खाटा टाकलेल्या होत्या, बस चुकलेला माणूस तिथे झोपे. नाना म्हणजे कचेरीतून रिटायर झालेले कारकून. दुपारी चहा घेत गिऱ्हाइकांना वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या आठवड्यात राजेरजवाड्यांच्या काळातल्या एका सराईची गोष्ट चालली होती. सराईची मालकीण विधवा. वाटसरूंना दुधातून धोतरा पाजायची आणि त्यांची गाठोडी घ्यायची.

मी चौथी शिकले, पण ती पुस्तकं मीही वाचलीत. सगळ्या सरायांत मद्याचे पेले, कोपऱ्यात एक हेर, बाहेर घोडा. पीठ कोण दळतं, खरकटं कोण काढतं, ते एकातही नाही. आणि एकटी बाई सराई चालवते म्हटलं की ती विष घालणारी, नाहीतर त्याहून वाईट. लिहिणाऱ्याने कधी शंभर भाकरी थापल्या असत्या तर त्याला कळलं असतं, विष कालवायला वेळ कोणाला असतो.

“काय घालं व अक्का दूधमा?” एक पोरगेला शेतकरी म्हणाला.

“दूध कोठे शे? शेवभाजी शे ती. तू बी तीच खाई ऱ्हायना,” मी म्हटलं.

त्याने तोंडातला शेवभाजीचा घास तिथेच थुंकला.

मी कल्हईवाल्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं. भर उन्हात पिंपळनेरच्या बाजूने भाता खांद्यावर घेऊन चालत आला होता, त्याला ऊन लागलं होतं. असा माणूस तसाच ठेवला तर मरतो. पण नानांनी दोघा गिऱ्हाइकांना माझ्या आडवं उभं केलं.

त्याचं अर्धं जेवलेलं ताट तिथेच होतं. मी ते उचललं आणि उभ्यानेच खाऊ लागले. आमच्याकडे उष्ट्या ताटात जेवते ती बायको, तेही नवऱ्याच्याच. शेजारची बांगड्या विकणारी बाई किंचाळली, “व बाई, परका मानूसनं उष्टं! लाज शे का नही तुले?”

“शे. पन पहिले हाऊ मानूस वाचू दे.” मी ताट पुसून खाल्लं, नानांसमोर धरलं. “मन्हा पोटमा गयं, मी उभी शे. आते बाजूले सरा.”

सरले. मी रांजणातलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, तळव्यांना कांदा चोळला, ओलं धोतर गुंडाळलं. थुंकणाऱ्या पोराला म्हटलं, “भाऊ, आता तरी उपयोगी पड, जीप थांबव.” सरकारी दवाखान्यात कल्हईवाल्याला सलाईन लावलं.

नाना दुसऱ्या दिवशी पुस्तक काखेत घेऊनच आले. “अक्का, पुढचं प्रकरण चांगलं आहे.”

“चहा मिळेल. वाचायचं असेल तर स्टँडवर जा.”

त्याच्या ताटात जेवले म्हणून पुढे कित्येक महिने बायका मला ‘कल्हईवाली’ म्हणत. मी हाक आली की ओ द्यायची. नव्या माणसाला वाटायचं, तेच माझं नाव. खाणावळ बंद केली नाही, मागच्या खाटाही उचलल्या नाहीत.

कल्हईवाला जगला.