ताटी लावलेलं घर

आमच्या घराला कुलूप कधीच नव्हतं. धानोऱ्याच्या पुढं जंगलातलं गाव, कुडाचं घर, दाराला बांबूची ताटी. बाप लवकर गेला. माय रोजीनं जायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. त्या मोहफुलांवर मी कॉलेज शिकले. आमच्या घरातली पहिलीच.

ताटी लावलेली असली की कुंपणापासून आवाज द्यायचा, आतून ‘हो’ आलं तरच पाय टाकायचा. एवढं आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं.

मी बी.ए. झाले त्याच उन्हाळ्यात जंगलखात्याची दोन माणसं चोरीचं सागवान शोधत आली. आवाज नाही, काही नाही. लाथ मारून ताटी पाडली. माय आत लुगडं बदलत होती. सागवान मिळालं नाही, म्हणून मोहफुलांचं पोतं उचलून नेलं.

मी मराठीत तक्रार दिली, ‘घुसले’ असं स्पष्ट लिहून. जंगलखात्याच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, “बाई, कुलूप तोडलं का?”

“कुलूपच नाई.”

“मंग घुसले कायचे? उघड्या घरात गेले ना!”

त्या ऑफिसचे साहेब बाहेरच्या राज्यातले. त्यांच्यासाठी बाबूनं माझी तक्रार इंग्रजीत लिहिली, ‘स्टाफ व्हिजिटेड द हाऊस’. व्हिजिट! मायनं काय चहा ठेवला होता?

मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन डिक्शनरी काढली. ‘ब्रोक इन’ लिहिलं असतं तर बाबूनं पुन्हा कुलूप विचारलं असतं. मग सापडलं, ‘बार्ज्ड इन’. न विचारता, धक्का देत आत शिरणं. तीन वर्षांत आमच्या वर्गात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी नवीन तक्रार इंग्रजीत लिहिली.

बाबू वाचून हसला. “हे कोणतं इंग्रजी आणलं हो? व्हिजिटेड करून टाका, काम लवकर होते.”

“तुमची माय लुगडं बदलून राह्यली अन् कोणी लाथेनं दार पाडलं, तर त्याले व्हिजिट म्हणसान काय?”

मग तो हसला नाही. कागद आत गेला. साहेबांनी मला बोलावून एकच विचारलं, “दरवाजे पे ताला था?”

“ताटी लगी थी, साब. हमारे गाँव में वही ताला है.”

साहेबांनी चौकशी लावली. काही दिवसांनी तीच दोघं पोतं घेऊन आली. कुंपणाबाहेर थांबून म्हणाली, “बाई, घरी हाये का?” मायनं सगळी भांडी घासून होईस्तोवर त्यांना उन्हात उभं ठेवलं.

माफी त्यांनी मागितली नाही, अन् माझा राग अजून गेला नाही. पण पोतं परत आलं, आणि चौकशीच्या कागदावर ‘बार्ज्ड इन’ असंच लिहिलेलं आहे. खाली साहेबांची सही आहे.